चर्चमधला वन्स मोअर

अमेरिकेत आमच्या घराजवळच्या चर्चने ब्लूग्रासचा, म्हणजे बँजो आणि व्हायोलिनवरच्या इथल्या गावरान गाण्यांचा, कार्यक्रम ठेवला होता. फुकट म्हटल्यावर मी आईला घेऊन पहिल्या बाकावर. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडे आहे, पण हो-नाहीपलीकडे बोलत नव्हती. मी विनोद करून थकलो. तसे माझे विनोद पूर्वीही कुणाला हसवत नसत.

बँजोवाल्या आजोबांनी एक गाणं असं काही रंगवलं की सगळे स्तब्ध झाले. तेवढ्यात शेजारून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

थेट संगीत नाटकाला द्यावा तसा! मी बाकाखाली जागा शोधू लागलो. "आई, अगं इथे असं ओरडत नाहीत!"

"मग आवडलं हे त्यांना कळणार कसं रे?"

आजोबांनी हसून तिच्यासमोर टोपी काढली आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. हरवलेला आवाज घरच्यांनीच शोधून द्यायचा असतो, असं मी समजत होतो. इथे तो परक्यांनी सहज हातात ठेवला.

आईने माझ्या मांडीवर ताल धरला, चांगला जोरात. पायाला मुंग्या आल्या, पण गाणं संपेपर्यंत मी तो हलवला नाही.