मी जन्माला घातलेला सुतार

कुवेतच्या किनाऱ्यालगत एक जुनं घर आहे. जाड भिंती, समुद्राकडे लाकडी व्हरांडा. हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयच्या वतीने कारभार पाहणारा इंग्रज अधिकारी एके काळी तिथे राहत असे. आता ते लोकांना पाहायला खुलं आहे. गावाकडून नवं मराठी कुटुंब आलं की एखाद्या शुक्रवारी त्यांना हे घर दाखवायचं, अशी आमच्यात रीतच पडली. दाखवणारा मी.

एकदा असेच आलेले एक गृहस्थ कंटाळून म्हणाले, "साहेबाचं घर, ठीक आहे. यात आपलं काय?" मी समोरच्या दारावर हात ठेवला आणि म्हणालो, "हे रत्नागिरीच्या सुताराने घडवलंय." त्यांनी लगेच दाराशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

मला चटक लागली. पुढच्या पाहुण्यांसमोर सुताराला बायको आली, नंतर त्याचं साहेबाशी भांडणही झालं. यंदा गणपतीत इथल्या मराठी मंडळाने त्याच्यावर नाटकच बसवलं. त्यात सुताराच्या बायकोचं काम माझ्या नातीकडे.

ती नऊवारीत संवाद पाठ करताना पाहिली आणि लक्षात आलं, माझं खोटं ती खरं मानून पाठ करतेय. मंडळाचे अध्यक्ष मंगफ भागातल्या आमच्या घरी तालमीला आले, तेव्हा मी सांगून टाकलं, "असा सुतार नव्हता. मी रचला."

ते हसले. "काका, कोण तपासायला येणार आहे?"

"कुणी नाही. म्हणून तर मीच सांगायला हवं."

"अहो, आपल्या माणसाचा मान वाढतोय. बिघडलं कुठं?"

"दार कुणीतरी घडवलंच असेल ना? त्याचा मान आपण काढून घेतला."

सून हळूच म्हणाली, "बाबा, नाटक होऊन जाऊ द्या. मग सांगा." नात मात्र माझ्याकडे रोखून पाहत होती. "आजोबा, यू मेड हिम अप? मग माझा रोल?"

"तुझा रोल राहील. गोष्ट म्हणून कर. इतिहास म्हणून नको."

"मग दार कुणी केलं?"

"माहीत नाही. तेवढंच तर मला त्या पाहुण्यांना म्हणता आलं नाही."

अध्यक्ष उठले. "स्टेजवरून असलं काही बोलणार नाही मी. कार्यक्रमाचा विचका होईल."

"मग मी खालून बोलेन," मी म्हणालो. "माझं तोंड माझ्याजवळ आहे."

कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी 'ऐतिहासिक नाटक' अशी घोषणा केली. मी पहिल्या रांगेतून उठलो. हा सुतार कधी नव्हता, तो मी पाहुण्यांना खूश करायला रचला, नाटक जरूर बघा पण खरं मानू नका, असं मोठ्याने सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, बसा आता."

मी बसलो नाही. मागच्या रांगांना नीट ऐकू गेलं नसेल, म्हणून त्यांच्याकडे वळलो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.