धर्मापुरीला अक्काचा तंबोरा देऊन टाकायला गेलो तेव्हा

तापात अक्काचे कान वाहिले आणि ऐकू येणे गेले. मला गाणे शिकवणारी ही माझी थोरली बहीण. दोन वर्षे तिने तंबोरा गवसणीतून बाहेर काढला नव्हता. संक्रांतीनंतर ती म्हणाली, "धर्मापुरीला वाद्यं करणारे कासीमचाचा हायेत. त्यांना हा देऊन येऊ. ज्याला ऐकू येतं त्याच्या हाती तरी जाईल."

गेवराईच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, मी मराठी शिकवतो. दहा दिवसांची रजा काढली आणि बैलांचा छकडा ठरवला. जाणाऱ्यांनी थंडीतच जावे. पावसाळ्यात या काळ्या रानातून चाक निघत नाही. पाणी बरोबर घ्यावे. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते.

दुसरा मुक्काम तेलगावला. ज्यांच्या ओसरीवर उतरलो, त्या बाईंनी गरम हुरडा पुढे केला. "तंबोरा कावून नेताव?" त्यांनी विचारले. मी कारण सांगितले. त्या अक्काकडे बघत राहिल्या, मग तिच्या पदरात आणखी हुरडा घातला.

चौथ्या दिवशी दुपारी धर्मापुरी आली. जुन्या देवळामागे कासीमचाचांचे घर. अक्काने तंबोरा त्यांच्यापुढे ठेवला. "माझा आवाज मला येतो, घागरीत बोलल्यागत," ती म्हणाली. "पण तंबोरा ऐकू येत न्हाई. मग सूर कुठं लावू?"

चाचा उठले. मग त्यांनी खांबाच्या दोन खिळ्यांमध्ये एक तार ताणली आणि छेडली. मला जेमतेम कुजबुज ऐकू आली.

"एकटी तार हवेला कापत जाती, ढकलत न्हाई," ते मला म्हणाले. "तिचा कंप तारंखालची ही घोडी घेती आन् भोपळ्यावरच्या या पातळ लाकडी तबलीला देती. तबली रुंद हाय, ती हवा हलवती. भोपळ्यातली हवाबी संगं गाजती. आवाज तारंचा, पर बोलतं लाकूड."

त्यांनी तंबोरा जुळवला, आडवा ठेवला आणि तबलीवर राजगिऱ्याचे चार दाणे टाकले. तार छेडताच दाणे थरथरत उडू लागले. अक्का वाकून पाहू लागली. इतकी वर्षे मी तंबोऱ्याशेजारी बसलो होतो, पण सूर कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

"आमचे अब्बा म्हातारपणी बहिरे झालते," चाचा म्हणाले. "दातानं सूर पारखायचे." त्यांनी तंबोऱ्याची लांब दांडी पुसली आणि अक्काला खुणेने दाखवले, दात लावा.

अक्काने दात टेकवले. चाचांनी चारही तारा एकामागून एक छेडल्या. तिचे डोळे मिटले. खांदे हलायला लागले. मी पुढे झालो, तर तिने हाताने मला थांबवले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पंचम उतरलाय."

चाचांनी खुंटी किंचित पिळली. जुळवल्यावरही पंचमाची तार खरोखरच थोडी सैल पडली होती. मला कळले नव्हते.

आम्ही दोन दिवस तिथेच राहिलो. गाताना दांडी कानशिलाला कशी टेकवायची, ते चाचांनी तिला शिकवले. निघताना त्यांनी काही घेतले नाही. तंबोऱ्याला हात लावून म्हणाले, "हा हितं राहायचा न्हाई."

गेवराईला येऊन महिना झाला. माझी हाक अक्काला अजूनही ऐकू जात नाही. जेवायला बोलवायचे तर समोर जाऊन उभे राहावे लागते. आज सकाळी तसाच गेलो. ती दांडीला कानशील टेकवून गात होती. षड्ज अचूक लागला होता. मी हाक न मारता समोर बसलो आणि तिच्यामागून गायला लागलो. ती माझ्या ओठांकडे बघत होती. एका जागी मी शब्द लवकर उचलला, तशी तिने मान हलवली आणि ती जागा पुन्हा गाऊन दाखवली.