हाईमकाकांनी परत केलेलं नाव

नावडे कॉलनीत आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर हाईमकाका झिराडकर राहतात. नाव ऐकून नव्या भाडेकरूंना आधी ते मुसलमान वाटतात, मग आडनाव ऐकलं की माणूस गोंधळतो. ते बेने इस्राएल, म्हणजे आपल्या अलिबाग-पेणकडचे मराठी ज्यू. पूर्वी ही माणसं गावोगाव तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. काकांच्या वडिलांचा झिराडला घाणा होता. काका स्वतः पनवेलच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. रिटायर होऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी रस्त्यानं एसटी गेली की आवाजावरून तिला काय झालंय ते सांगतात.

मी समोरच्याच दारात राहते. लियाकाकू होत्या तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी त्यांचे दिवे आणि माझं देवघरातलं निरांजन एकाच वेळेला लागायचं. त्या गेल्यावर काका, मुलगा रूबेन आणि सून शॅरन, एवढीच माणसं घरात राहिली. रूबेन तळोज्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये होता. त्यांना मूल नाही. मोठी मुलगी मिर्यम लग्न करून इस्राएलला गेली, ती तिकडचीच झाली.

आमचे सेक्रेटरी हौसेराव मूळचे कोरेगावकडचे. संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर काकांशेजारी बसून चिडवायचे, "काका, हाईम म्हंजे काय वो नक्की? आमच्याकडं म्हशीला असं हाकारत्यात."

"हाकारून बघ," काका म्हणायचे. "म्हैस तुझ्यापेक्षा लवकर मेन्टेनन्सचं काम करील."

मग एकदा त्यांनी सगळं नीट सांगितलं. मीही धान्य निवडत दारातच बसले होते.

"हाईम म्हणजे जीवन. पण आमच्या जुन्या धर्मग्रंथात या नावाचा एकही माणूस नाय. अब्राहाम हाय, मोशे हाय, दावीद हाय. हाईम मागनं आलं, लांबच्या मुलखातनं. तिथं रोगराईत माणसं मरायची, तेव्हा आजाऱ्याला हे नाव द्यायला लागले. मृत्यूचा दूत येतो तो नाव धरून शोधत येतो. घरात बघतो तर त्या नावाचा माणूसच नाय. हाय तो जीवन. मग जातो परत."

काकांचं जन्माचं नाव मोशे. लहानपणी विषमज्वर झाला आणि डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा वडिलांनी बैलगाडीतून अलिबागच्या सिनेगॉगात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या जागी, नेलं. ही प्रार्थना करायला दहा पुरुष लागतात. "तेव्हा दहा काय, पन्नास उभे राहिले," काका म्हणाले. तिथं त्यांचं नाव हाईम झालं आणि ताप उतरला. पूर्वी कोकणात त्यांच्यात हे नाव खूप असायचं, काहींचं तर आडनावच हाईम्स झालं. "आता मिर्यम सांगते, तिकडं हाईम म्हणजे म्हातारा. टॅक्सीवाला नायतर भाजीवाला. फार धार्मिक असतील ते ठेवतात अजून, बाकीच्यांच्या पोरांची नावं आपल्याला बोलता पण येत नाय."

मला यात नवल वाटलं नाही. माझ्या सासऱ्यांचं नाव केरू. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना केरात ठेवलं आणि केर म्हणून उचललं. दगडू, धोंडू ही नावंही त्यातलीच. आपण काळाला सांगतो, हा कचरा आहे, दगड आहे, याला नेऊन काय करशील. त्यांनी सांगितलं, हा जीवन आहे. घाबरलेल्या आईबापांचीच ही नावं.

मागच्या दिवाळीनंतर रूबेनला सारखा ताप यायला लागला. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात रक्ताचा कॅन्सर निघाला. केमो झाल्या, केस गेले, वजन गेलं, मध्ये जरा बरं वाटलं आणि पुन्हा उलटलं. पावसाळा संपत आला तेव्हा डॉक्टरांनी शॅरनला बाजूला घेऊन सांगितलं की आता त्रास कमी करायचा, एवढंच हातात आहे. ती घरी येऊन माझ्या स्वयंपाकघरात रडली, कारण सासऱ्यांसमोर रडायची सोय नव्हती. पण काकांना कळलंच. त्यांनी विचारलं नाही, आपलं ठरवलं.

"रूबेनला हाईम नाव द्यायचं," रात्रीच्या जेवणाचा डबा द्यायला गेले तेव्हा ते मला म्हणाले.

शॅरन म्हणाली, "पप्पा, ते तुमचं आहे. आपल्यात जिवंत बापाचं नाव मुलाला देत नाहीत. रफाएल देऊ या ना. रफाएल म्हणजे देव बरं करतो."

"रफाएल चालतं का नाय, कुणी बघितलंय? हे चाललेलं हाय. इतकी वर्षं माझ्यावर चाललंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुनयना, डेपोत पार्ट नसला की आम्ही काय करायचो? चालू गाडीतला काढून बंद गाडीला बसवायचो. बंद गाडी मार्गाला लागायची."

"आणि चालू गाडी?" मी विचारलं.

"ती उभी राहायची. त्याला काय झालं? तिचं रनिंग झालेलं असायचं."

शॅरननं डबा उचलून आत नेला.

त्यांच्याकडे प्रार्थना चालवणाऱ्याला हजान म्हणतात. पनवेलचे हजान वयानं काकांपेक्षा खूप लहान, ठाण्याहून यायचे. ते घरी आले, शांतपणे बसले. म्हणाले, "काका, नाव मागायची रीत आहे. परत द्यायची मी कुठं ऐकली नाही."

"मग आता ऐक. माझं हाईम काढून घे. मी मोशे जन्मलो, मोशे होतो. एका घरात दोन हाईम झाले तर दूत चुकून भलत्याला न्यायचा, म्हणून तर आपली रीत हाय ना? मी राहिलोच नाय हाईम, तर रीत मोडली कुठं?"

हजानांनी खूप समजावलं. देव नावाची अदलाबदल करत नाही, तो फक्त प्रार्थना ऐकतो, असं म्हणाले. शेवटी काकांनी त्यांचे पाय धरले. हजान घाईनं उठले आणि हो म्हणाले.

मग दहा माणसं जमवायची वेळ आली. पनवेलची बरीच घरं इस्राएलला गेलेली, उरलेल्यात कुणी आजारी, कुणाला सुट्टी नाही. काका सकाळपासून फोन घेऊन बसायचे. ज्यांच्याशी भांडण होतं त्यांनाही केले. नववा माणूस मिळाला आणि गाडी अडली.

हौसेराव म्हणाले, "काका, मी येऊन बसतो टोपी घालून. कोण विचारतंय?"

काका त्या दिवसांत पहिल्यांदा हसले. "देव तुला ओळखतो रे. तू सोसायटीच्या पाण्याचं काय करतोस ते त्याला माहीत हाय."

दहावा माणूस पेणहून आणावा लागला. अर्धांगानं एक बाजू गेलेला म्हातारा. हौसेरावांनीच आपली गाडी नेली आणि त्याला उचलून आत बसवलं.

शॅरन रूबेनजवळ हॉस्पिटलात होती, म्हणून पनवेलच्या सिनेगॉगात काकांबरोबर मी गेले. बायकांना बसायला वर जागा असते, तिथं मी एकटीच. खाली दहा पुरुष, त्यातले बहुतेक म्हातारे. पडदा सरकवून त्यांनी धर्मग्रंथाच्या कपाटाचं दार उघडलं. बराच वेळ वाचन चाललं, मला भाषा कळत नव्हती, म्हणून मी आपलं नामस्मरण करत राहिले. मग हजानांनी काकांना पुढं बोलावलं. आपण ताट परत देतो तसे काकांनी हात पुढं केले. त्यानंतर आजाऱ्याचं नाव आईच्या नावानं घेतात म्हणून 'हाईम रूबेन, लियाचा मुलगा' असं हजान मोठ्यानं म्हणाले. पेणचा म्हातारा जड जिभेनं 'आमेन' म्हणाला. बाहेर आल्यावर काकांचा चेहरा इतका हलका झाला होता की मला भीतीच वाटली.

त्या दिवसापासून त्यांनी कॉलनीत सगळ्यांना सांगितलं, मला मोशे म्हणा. दूधवाल्याला, मेडिकलवाल्याला, वॉचमनला. कुणी जुन्या नावानं हाक मारली तर मान वळवायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, आपण ओ दिली की नाव रूबेनपासून तेवढं सुटतं. बिल्डिंगभर लोक जपायला लागले. आमचे हे तर नावच घ्यायचे नाहीत, नुसतं "काका" म्हणायचे.

आणि खरं सांगायचं तर रूबेनला मध्ये जरा बरं वाटलं. ताप उतरला, तो उठून बसला, पेज मागून प्यायला. काकांनी मिर्यमला फोन करून सांगितलं, "लागली गाडी मार्गाला." शॅरन मात्र मला हळूच म्हणाली, "ताई, डॉक्टर म्हणतात असं होतं कधी कधी. पप्पांना कसं सांगू?" तिनं सांगितलं नाही. मीही नाही.

एके दुपारी पाण्याची मोटर जळली. हौसेराव जिन्यातूनच ओरडले, "हाईमकाका, जरा बघता का मोटार?"

बिघाड ऐकला की उठायचं, ही काकांची डेपोतली जुनी सवय. "आलो," म्हणाले, आणि दारातच थबकले. मग खाली बसले. हौसेराव धावत आले. "चुकलं वो. तोंडातनं गेलं. काका, माझ्या तोंडात शेण."

"तू बोललास त्याचं काय नाय," काका म्हणाले. "ओ मी दिली."

हौसेरावांनी पुन्हा कधी हाक मारली नाही. काम असलं की खाली येऊन नुसती कडी वाजवायचे.

नाव दिल्याला महिना व्हायच्या आतच रूबेन गेला. पहाटे शॅरनचा फोन मला आला आणि काकांना मी उठवलं. शर्ट घालताना बटणं वरखाली लागली, ती मी नीट केली.

अंत्यविधीला माणसं आपणहून आली. ठाण्याहून, अलिबागहून, मुंबईहून, दहाच्या दुप्पट-तिप्पट. काका ती गर्दी बघत उभे होते. माझ्याशेजारी हौसेराव तोंडाला रुमाल लावून रडत होते. सात दिवस घरची माणसं जमिनीवर बसतात, तशी काका आणि शॅरन बसली. आरशांवर चादरी घातल्या होत्या. रोज सांजेला कुणी ना कुणी येत राहिलं.

शेवटच्या दिवशी हजान थडग्याच्या दगडाचं बोलायला आले. ते अडखळत होते. म्हणाले, "काका, एक रीत आहे. नवं नाव मिळाल्यावर आजारी माणूस निदान महिनाभर जगला तरच ते नाव त्याचं होतं. नाहीतर दगडावर जुनंच घालतात. रूबेनला महिना मिळाला नाही."

"म्हणजे त्याला नाव लागलंच नाय," काका म्हणाले.

"तसंच."

"मग ते गेलं कुठं?"

शॅरन म्हणाली, "पप्पा, नका ना आता."

थोड्या वेळानं हजानांनी विचारलं, कारण विचारावंच लागत होतं, "दगडावर रूबेनच्या पुढं बापाचं नाव येतं. काय घालायचं? मोशे की हाईम?"

काका भिंतीला टेकून बसले होते. पंख्याकडे बघत होते की कशाकडे, कोण जाणे. मग म्हणाले, "हाईमच घाल. मी हाय ना अजून."

हौसेरावांनी मला विचारलं, आता काय म्हणायचं यांना? दूधवाल्यानं दुसऱ्याच दिवशी सवयीनं हाईमकाका म्हणून हाक मारली आणि काकांनी उठून पातेलं पुढं केलं.

शॅरन आता दिवसभर नोकरीवर असते. तिलाही तिचे भाऊ तिकडं बोलावतायत, ती जाईल बहुतेक, जावंच तिनं. मागच्या आठवड्यात तिनं हट्टानं काकांना खारघरला तपासणीसाठी नेलं. परत आल्यावर काका माझ्या दारात टेकले. मी चहा टाकला.

"काय म्हणाले डॉक्टर?" मी विचारलं.

"तरुण पोरगा होता," काका म्हणाले. "माझा कागद बघून खूश झाला. म्हणाला, हार्ट एक नंबर, शुगर नाय, प्रेशर नाय. या वयाला असं बघायला मिळत नाय. अजून दहा-पंधरा वर्षं तरी तुम्हाला काय होत नाय, काका. मग पाठ थोपटली माझी. चांगला होता बिचारा."

मी चहा पुढं ठेवला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला आणि तसेच बसून राहिले, चहावर साय धरेपर्यंत.