दातवाल्यांचं परदेशी कार्ड

गल्लीत त्यांना सगळे दातवाले म्हणत आणि नवा माणूस हमखास फसे. दात ठणकतोय म्हणून गाल धरून दारात उभा राही. मग दातवाले त्याला समजावत, "अहो, मी डॉक्टर नाही. डॉक्टर तुमच्या तोंडाचं माप घेणार, ते माझ्याकडे येणार, आणि त्यावरून तुमची कॅप नाहीतर कवळी मी घडवणार. तोंड मिटा, मला बघायचं नाही."

घराची मागची खोली हीच त्यांची लॅब. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने पेशंटचा नंबर. एका कोपऱ्यात मेण वितळवायचा दिवा, दुसऱ्यात दात घासायची छोटी मोटर, आणि सगळ्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर. दातवाल्यांच्या भुवयाही त्यातून सुटलेल्या नव्हत्या. तीस वर्षं या खोलीत बसून हात असा तयार झाला होता, की केसाएवढा उंचवटा बोटाला कळे.

इतक्या गुणी माणसाला एक खोड होती. जवळच्या दुकानातून काही घेतलं की त्यांना आपण नागवले गेलो असं वाटे. "दुकानदार तरी कुठून आणतो? बाहेरूनच ना? मग मधल्या माणसाचं पोट आपण का भरायचं?" या तत्त्वापायी घरात एक कोट आला होता. चित्रात तो त्यांच्या मापाचा होता, खोक्यातून निघाला तो शाळकरी पुतणीला बेताचा झाला. एक चहाची किटली आली होती, तिच्या प्लगचे पाय भिंतीतल्या एकाही भोकात जात नव्हते. त्यांची बायको पोस्टात पार्सलांच्या खिडकीवर बसायची. ती म्हणे, "यांना दुकान जितकं लांब, तितकी वस्तू स्वस्त वाटते."

मग त्यांना काम देणाऱ्या डॉक्टरबाईंनी तोंडात कॅमेरा फिरवून माप घ्यायचं यंत्र घेतलं. प्लास्टरच्या जबड्यांऐवजी दातवाल्यांकडे फाइली यायला लागल्या आणि कॅप पडद्यावर घडवावी लागू लागली. त्यांचा कॉम्प्युटर म्हातारा. जबडा जरा डावीकडे फिरवावा, तर तो आधी काळा होई, मग अर्धा दिसे, आणि पूर्ण दिसेपर्यंत आपण कुठला दात बघत होतो तेच दातवाले विसरून जात.

नाक्यावर कॉम्प्युटरचं दुकान होतं. मालकांना सगळे शेठ म्हणत. दातवाल्यांचा कॉम्प्युटर त्यांनीच जोडून दिलेला, आणि बिघडला की तेच घरी येऊन दुरुस्त करून जात. दातवाले त्यांच्या दुकानात गेले.

"ग्राफिक्स कार्ड चांगलं टाका, पडद्यावरचं चित्र झटकन फिरेल," शेठ म्हणाले आणि किंमत सांगितली.

दातवाल्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि बसले. "एवढ्या पैशांत तर मी सगळ्या गल्लीला कवळ्या बसवीन."

"विचार करा. घाई नाही."

"विचार करून सांगतो," म्हणून दातवाले जे उठले, ते घरी येऊन थेट परदेशी दुकानांच्या पानांवर जाऊन पडले. तेच कार्ड, तोच डबा, आणि किंमत जवळजवळ निम्मी! अडचण एकच, ते दुकान आपल्याकडे पाठवत नव्हतं. पण ताईची मुलगी त्याच देशात राहत होती. भाची असताना कसली आली अडचण?

"मामा, माझ्या पत्त्यावर मागवा, पण पुढे पाठवणार कोण?" भाचीने फोनवर विचारलं.

"तुझ्या सासूबाई महिनाअखेर परत येणार आहेत ना?"

"मामा, त्यांचे गुडघे दुखतात हो."

"अगं, हातात धरायची वस्तू आहे. वहीएवढी."

वही नव्हती ती. चांगली वीतभराहून लांब, विटेसारखी जड, तीन पंख्यांची वस्तू निघाली. भाचीच्या सासूबाई स्वभावाने गरीब. सुनेच्या मामांचं काम म्हणून त्यांनी आपले दोन नवे स्वेटर मागे ठेवले आणि तिसऱ्यात ते कार्ड बाळासारखं गुंडाळून आणलं. विमानतळावर अधिकाऱ्याने अडवलं.

"हे काय आहे?"

सासूबाईंना एवढंच ठाऊक होतं. "दातांचं आहे."

अधिकाऱ्याने स्वेटर उलगडला. "दातांना पंखे?"

"कवळी वाळवत असतील," सासूबाई म्हणाल्या.

अधिकारी हसला, पण त्याने कर काही सोडला नाही. तो सासूबाईंनी आपल्या पर्समधून भरला. दातवाले कार्ड आणायला दुसऱ्या गावी त्यांच्या घरी गेले, तेव्हा सासूबाईंनी आधी पाणी दिलं, मग चहा दिला, मग गुडघ्यांची चौकशी पूर्ण होऊ दिली, आणि शेवटी पावती अशी हळूच टेबलावर सरकवली, की जणू चूक त्यांचीच. दातवाल्यांनी चहा खाली ठेवून तिथल्या तिथे पैसे दिले. शिवाय जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून फळांची मोठी टोपली नेलेली होतीच. आणि मागे राहिलेल्या स्वेटरांचं मनाला इतकं लागलं, की वाटेत उतरून त्यांनी दोन स्वेटर घेतले आणि सासूबाईंना पाठवून दिले. जवळच्याच दुकानातून.

घरी येऊन डबा उघडला आणि सगळा शीण गेला. काय देखणी वस्तू! बायकोलासुद्धा बघावीशी वाटली. दातवाल्यांनी कॉम्प्युटरचं झाकण काढलं, कार्ड आत सरकवलं, आणि ते अडलं. दोन बोटं लांब होतं. आतल्या पत्र्याच्या एका चौकटीला जाऊन टेकत होतं.

"परत पाठवा," बायको म्हणाली.

"कोणाबरोबर?"

दातवाल्यांनी चष्मा चढवला, दातांची जाडी मोजायचा चिमटा घेतला, माप काढलं, आतले सगळे भाग काढून बाजूला ठेवले आणि मोटरला पत्रा कापायची चकती लावली. ठिणग्या उडायला लागल्या तशी बायको दारातून ओरडली, "अहो, तो कॉम्प्युटर आहे, अक्कलदाढ नाही!" पण दातवाले रंगात आले होते. नुसतं कापून भागेना. त्यांनी कडा घासल्या, मग रबराने गुळगुळीत केल्या, मग पॉलिश केल्या. पेशंटच्या जिभेला लागू नये म्हणून जेवढी काळजी घेतात, तेवढी त्या पत्र्याची घेतली. सगळं परत जोडलं. कार्ड आत बसलं, अगदी दाढ बसावी तसं.

बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. एक पंखा अर्धा गरगरला आणि थांबला.

आता शेठशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि नेमके शेठच नको होते. कार्ड मागवल्यापासून दातवाले नाक्यावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडे जायचे.

"तू जातेस का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तोंड लपवायला तुम्ही आणि दाखवायला मी?" असं म्हणून ती पोस्टात निघून गेली.

शेवटी दातवाले कॉम्प्युटर काखेत मारून स्वतःच गेले. शेठनी झाकण काढलं. कार्डाकडे बघितलं, दातवाल्यांकडे बघितलं, पुन्हा कार्डाकडे बघितलं.

"भाचीने भेट दिली," दातवाले म्हणाले.

"फार मायाळू भाची. तिने भेट दिली म्हणून तुम्ही महिनाभर पलीकडच्या फुटपाथवरून चालताय?"

दातवाले भिंतीवरच्या वायरींची वेटोळी मोजू लागले. शेठनी आत बोट घातलं आणि कापलेल्या कडेवरून फिरवलं. मग दुसऱ्यांदा फिरवलं. "हे कोणी कापलं?"

"मीच."

"कुठे लागत नाही हो. कारखान्यातला पत्रासुद्धा इतका गुळगुळीत येत नाही." आणि ते मनापासून हसले.

हसले, आणि त्यांचे खालचे दात वरच्या दातांना मागे ठेवून अर्धा इंच पुढे आले. शेठनी चटकन हाताने तोंड झाकलं. पण समोर तीस वर्षं मुरलेला कारागीर उभा होता.

"शेठ, ही कवळी कुणाची?"

"माझीच."

"तसं नाही. कुठे केलीत?"

शेठनी कॉम्प्युटरमधला एक स्क्रू निष्कारण घट्ट केला. "मागवली. एक डबा येतो. त्यातल्या माप घ्यायच्या मसाल्यात आपणच हिरड्या दाबायच्या आणि पाठवून द्यायचं. फार स्वस्त पडते."

"कुठून मागवली?"

शेठनी तोच स्क्रू पुन्हा सैल केला. मग म्हणाले, "बाहेरून."

दातवाल्यांनी टेबलाचा आधार घेतला. पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि शेठना हसायचं होतं पण कवळी सांभाळायची होती, म्हणून ते नुसतेच हलत राहिले. दुकानात आलेलं गिऱ्हाईक घाबरून परत गेलं.

"जेवता कसे?"

"काढून जेवतो," शेठ म्हणाले. "घालतो ती फक्त दुकानात. बायको म्हणते, घोडा हसल्यासारखं दिसतं, घरी घालू नका."

कार्डाला वीज पुरत नव्हती, एवढाच दोष होता. शेठनी वीज पुरवणारा मोठा डबा बसवला आणि त्याची किंमत सांगितली. दातवाल्यांनी सवयीने तोंड उघडलं, शेठनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि त्यांनी ते मिटलं. कर, टोपली, स्वेटर, बसभाडं आणि हे, सगळं धरून वाचलं किती, ते दातवाल्यांनी मोजलं नाही. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले, "वेग बघ, वेग!" आणि पडद्यावरचा जबडा तिच्यासमोर भिंगरीसारखा फिरवून दाखवला.

शेठना त्यांनी डॉक्टरबाईंकडे धाडलं. रीतसर माप आलं. पूर्ण कवळी मात्र दातवाले अजून हातानेच करत. नवा वेगवान कॉम्प्युटर बंद करून ते दिव्यापाशी बसले, मेणात एकेक दात लावत. शेठकडून त्यांनी जुना फोटो मागून घेतला होता, लग्नातला, मिशी नुकती फुटली होती तेव्हाचा. त्यात खालचा एक दात जरासा तिरपा होता. बायको चहा घेऊन आली आणि वाकून बघत म्हणाली, "हा वाकडा लागलाय तुमचा."

"लागला नाही. लावलाय."

रंगही त्यांनी पांढराशुभ्र घेतला नाही, वयाला शोभेल असा पिवळसर घेतला. खालचा जबडा दोनदा मोडून पुन्हा केला. मेणाची कवळी बसवून बघायच्या दिवशी ते स्वतः डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात गेले. शेठनी ती घातली, ओठ मिटले, उघडले, आणि आरसा हातात घेतला. मग तो ते खाली ठेवेचनात.

"काय झालं? टोचतंय कुठे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"टोचत नाही," शेठ म्हणाले. त्यांनी जिभेने तो तिरपा दात चाचपला. "डॉक्टर, ही आजच घरी नेता येईल का?"

"मेण आहे हो ते, वितळेल. अजून आठवडा लागेल."

"एकदा बायकोला दाखवून आणतो," शेठ आरसा न सोडता म्हणाले. "पाच मिनिटांत परत आणतो."

डॉक्टरबाईंनी दातवाल्यांकडे बघितलं. दातवाल्यांनी घड्याळात बघितलं आणि शेठची चप्पल दाराकडे वळवून ठेवली.

"जा," ते म्हणाले, "पण उन्हातून जाऊ नका. आणि काही चावायचं नाही."