तात्याच्या हातचा रोस

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे—एक भोपळा सोडून. मुलांना ते ठाऊक नाही, शाळेतल्या सहकाऱ्यांना नाही, आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं त्यांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू? तुम्ही त्यांतल्या कुणाला ओळखत नाही म्हणून.

हसू येईल तुम्हाला. येऊ द्या. मलाही आधी हसूच येतं, मग येत नाही.

पण आधी तुपाचं सांगायला हवं. दहिवडीच्या पुढं, माणदेशात आमचं गाव. धंदा मेंढरांचा. दिवाळी झाली की वडील मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचे, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे. एका साली तिकडंच त्यांना ताप भरला. मेंढरं परत आली, वडील आले नाहीत. मागं आई, थोरली बहीण आणि मी. भाकरी असायची, भाकरीवर मिरची असायची, आणि मिरचीवर तेलाचा थेंब असला तर आम्ही पोरं एकमेकांकडं बघून हसायचो. तूप? तूप म्हणजे दुसऱ्याच्या घरातनं येणारा वास. वस्तू म्हणून ते आम्ही पाहिलेलंच नव्हतं.

आम्हाला वर काढलं ते तात्यानं. तात्या माझा धाकटा चुलता. तो फौजेत होता, पण त्याच्या हातात बंदूक नव्हती, झारा होता. साहेबलोकांच्या मेसमध्ये आधी मसालची, म्हणजे भांडी घासणारा, मग खानसामा, म्हणजे आचारी. लग्न केलं नाही. म्हणायचा, “साहेबाचं नखरं काढून दमलो, आता बायकूचं कोन काढणार?” त्याच्या पगारावर मी साताऱ्याला मॅट्रिक झालो, सांगलीला कॉलेजात गेलो, बी. ए. झालो. आमच्या घराण्यात पहिला. घराण्यात कशाला—आसपासच्या गावांत पहिला. त्याचा अभिमान मी कधी लपवला नाही. आजही लपवत नाही. पुढचा घोटाळा त्या अभिमानानंच केला, हे मात्र लपवलं.

लढाई संपली, तात्या सुटून आला आणि आमच्या दारात पहिली म्हैस बांधली गेली. आई रोज साय काढायची, लोणी कढवायची, आणि तुपाचं गाडगं उतरंडीत ठेवून वर फडकं बांधायची. आम्हाला चाखायला बोटभर. बाकीचं राखून ठेवलेलं. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. काहीतरी मोठं घडणार, असं तिला वाटत असावं.

आणि घडलं.

गावात शाळा चौथीपर्यंत. पुढं शिकायचं तर घर सोडायचं—पोरं सोडत नव्हती, पोरींचा तर प्रश्नच नव्हता. कॉलेजातले माझे एक सर एका शिक्षणसंस्थेचं काम बघायचे. संस्थेला आमच्या भागात हायस्कूल काढायचं होतं. आमचं गाव की शेजारचं, एवढंच ठरायचं होतं. सर म्हणाले, “दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः येऊन बघतो. जेवायला तुझ्याकडेच, महादेव.”

तुमच्या लक्षात येतंय का? त्या काळात, सरांसारखा वरच्या जातीचा माणूस मेंढपाळाच्या घरात पाटावर बसून जेवणार! गावानं ती बातमी शाळेच्या बातमीपेक्षा जास्त चघळली. आणि सर पक्के शाकाहारी. कांदा चालायचा, लसूण चालायची, पण आमच्याकडं ज्याला वशाट म्हणतात ते नाही. वशाटाला लागलेला पळासुद्धा नाही.

तात्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “पाव्हना मोठा हाय. रोस करावा लागंल.” रोस म्हणजे साहेबांच्या मेसमधला रोस्ट, निखाऱ्यांवर भाजलेलं मटण.

“आवं भावजी,” आई म्हणाली, “ते वशाट खात न्हाईत म्हंतोय न्हवं पोरगा!”

“मग भोपळ्याचा करतो. त्यात काय? वैनी, आमच्या मेसात एक मद्रासी डाक्टर हुता. त्यो बी खायाचा न्हाई. समदी रोस खायाची आन् त्याच्या ताटात निस्ता उकडल्याला बटाटा. लय वंगाळ वाटायचं मला. पर साहेबाला सांगनार कोन?”

म्हणजे तात्याला ते इतकी वर्षं डाचत होतं. आता त्याची फेड होणार होती.

कुंडलला दिलेली माझी बहीण मळ्यातला एक भोपळा घेऊन आली. एवढा मोठा, की मोटारीत मांडीवर घेऊन बसली तर कंडक्टर म्हणाला, “बाई, लेकराचं तिकीट काढा.” परड्यात तात्याचा रोस भाजायचा जुना खड्डा होता, तो त्यानं बुजवला. घराच्या दुसऱ्या अंगाला नवा खणला. कुंभाराकडनं नवा परळ, म्हणजे मातीचं पसरट भांडं, आणला, सुताराकडनं नवा लाकडी पळा. दसऱ्याला कापलेल्या बकऱ्याची चरबी तात्यानं वितळवून डब्यात भरून ठेवली होती. तो डबा घरात नको म्हणून लांब मेंढरांच्या वाड्यात, आढ्याला टांगला. नाक्यावरच्या चौकीसारखं त्यानं सगळं तपासलं. आईचे हातसुद्धा हुंगले—तपकीर ओढून ओढून स्वतःचं नाक कधीच कामातनं गेलेलं असताना!

आमच्याकडं अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव बाईमाणूस घालत नाही, पुरुषानं घालायचा. तात्यानं अंघोळ केली, टोपी नीट केली, भोपळा पूर्वेला तोंड करून ठेवला आणि सुरा उचलला. भोपळ्याला तोंड कुठलं, हे विचारू नका. आई पदर तोंडाशी धरून म्हणाली, “भावजी, बकऱ्यावानी त्याच्या अंगावर पानी तरी शिंपडा, मान हलवतोय का बघू.” बहीण हसून हसून खाली बसली. तात्या हसला नाही. त्यानं वरचं झाकण कापलं, बिया काढल्या, आत दाण्याचा कूट, कांदा, खोबरं, लसूण, आमचा काळा मसाला भरला. भोवती बटाटे, रताळी. सगळं परळात ठेवून परळ खड्ड्यातल्या निखाऱ्यांवर. वर पत्रा, पत्र्यावर आणखी निखारे.

मग आईनं उतरंडीतलं गाडगं आणलं आणि सगळं तूप एका वाडग्यात ओतलं. सगळं.

“रोस म्हंजे निस्तं भाजनं न्हवं, गड्या,” तात्या मला म्हणाला. “त्याला पाजावं लागतं. पत्रा उचलायचा, पळ्यानं तूप वतायचं, पत्रा ठेवायचा. घडोघडी. तवा रंग चडतो. बी. ए. झालायस, एवढं जमंल न्हवं?”

जमणार नाही? मला? तात्या फौजेतला कोट घालून, पितळी बटणं चकाकवून, छकडा जुंपून दहिवडीच्या मोटारीला सामोरा गेला. आई आणि बहीण आत भाकऱ्या थापायला बसल्या. खड्ड्यापाशी मी एकटा.

आणि मी काय करत होतो? भोपळा पाजत होतो?

मी भाषण पाठ करत होतो. सरांच्या स्वागताचं. मराठीत केलं होतंच, शेवटी दोन वाक्यं इंग्रजीतही घातली होती—गावातल्या कुणालाही कळणार नव्हती, म्हणूनच घातली होती. हात मागं बांधून, मान वर करून, येरझाऱ्या घालत, डोळे मिटून म्हणत होतो. इंग्रजी वाक्याशी आलो आणि पायाला वाडगा लागला.

आवाजसुद्धा फारसा झाला नाही. तूप मातीत गेलं. आमचा कुत्रा आला आणि त्यानं एवढ्या मन लावून जमीन चाटली, की जन्मात कुणी माझं भाषण तेवढं मन लावून ऐकलेलं नाही.

पत्रा उचलला. भोपळा पांढुरका, कोरडा, एका बाजूनं करपायला लागलेला.

शेजारी तेल होतं. हे मी आधीच सांगून टाकतो. सोनाबाईच्या घरी हाक मारली असती तर वाटीभर तेल मिळालं असतं. आईला हाक मारली असती तर ती रागावली असती, मग हसली असती, आणि काहीतरी केलं असतं. पण हाक मारायची म्हणजे सांगायचं—घरातला बी. ए. वाडगाभर तूप सांभाळू शकला नाही. आईनं साय साय करून साठवलेलं. ते मला सांगायचं नव्हतं. बास, एवढंच कारण. आणि तेवढ्यासाठी मी वाड्यात गेलो, खुंटीवर पाय देऊन चढलो आणि आढ्याचा डबा खाली घेतला.

सांगितलं. आता लिहून झालं. सरांच्या भोपळ्याला मी बकऱ्याची चरबी पाजली. एकदा नाही—रंग चढेपर्यंत. आणि रंग असा चढला म्हणता! लाल, तपकिरी, नव्या पितळेसारखा चमकणारा. डबा परत टांगला, वाडगा पुसला, हात राखेनं घासले.

तात्या आला, त्यानं पत्रा उचलला आणि उभाच राहिला.

“समदं पाजलंस?”

“सगळं,” मी म्हणालो.

सर जेवायला बसले. निम्मं गाव दारात, उरलेलं निम्मं कुडावरनं डोकावत. तात्यानं भोपळ्याची फोड कापून वाढली, परळातला रस—तो त्याला गिरेवी म्हणायचा—भाकरीवर सोडला आणि अटेन्शनमध्ये उभा राहिला. सरांनी घास घेतला. डोळे मिटले. मी मनात देवाचं नाव घेतलं, पण कोणत्या तोंडानं?

“महादेव, हा भोपळा आहे यावर माझा विश्वास बसत नाही.”

मी पाण्याचा तांब्या उचलून पुढं केला.

“भोपळाच हाय, साहेब!” तात्या गरजला. “म्या सोता कापलाय!”

सर हसले. गाव हसलं. सरांनी दुसरी फोड मागितली, मग तिसरी. याचं मर्म काय, विचारलं. “वैनीचं तूप,” तात्या म्हणाला, आणि दाराआड आईचा चेहरा असा फुलला की तसा मी आधी पाहिला नव्हता. मागनं तिनंही एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, “भावजी, मटनाच्या तोंडात मारंल ह्यो!” मीही खाल्ला. सांगायला लाज वाटते—फार सुरेख झाला होता. त्या दुपारी आमच्या घरात जेवढा आनंद होता तेवढा पुढं माझ्या लग्नातही नव्हता. भाषण मी केलंच नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हात धुताना सर म्हणाले, “एका माणसाच्या नेमासाठी ज्यांनी नवा खड्डा खणला, नवी भांडी आणली, त्यांच्या हाती मुलं सोपवायला हरकत नाही. शाळा इथंच.”

शेजारच्या गावात ते गेलेच नाहीत.

पुढं दर दिवाळीला आई सरांना सांगलीला तूप पाठवत राहिली. सरांच्या पत्नी भोपळा भाजून बघायच्या, आणि सर भेटले की म्हणायचे, “तूप तेच, पण तात्यांचा हात कुठून आणायचा?” मी हसायचो. मला हसता यायचं, याचंच नवल वाटतं.

हे इथवरच असतं तर कदाचित मी कधीतरी गंमत म्हणून सांगूनही टाकलं असतं. पण शाळेची इमारत झाली तेव्हा सर पुन्हा आले, आणि तात्यानं पुन्हा रोस केला. तोच खड्डा, तसाच भोपळा. या वेळी तुपाच्या वाडग्यापाशी मी मांडी ठोकून बसलो होतो, हललो नाही. भोपळा चांगला झाला. चांगला—पण तसा नाही. सर चांगुलपणानं म्हणाले, “वा!” तात्याला ‘वा’मधला फरक कळायचा, त्याचं सगळं आयुष्य साहेबांचं वा ऐकण्यात गेलेलं. सगळे गेल्यावर तो खड्ड्यापाशी बसून राहिला.

“हात गेला रं माजा, म्हादू,” तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी बसलो होतो. खांद्याला खांदा लागत होता. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “वय झालं, तात्या. चालायचंच.”

त्यानंतर त्यानं रोस केला नाही. लोकांनी लग्नाकार्यात फार गळ घातली, तरी नाही. तात्या गेला, मग सर गेले, मग आई. प्रत्येक वेळी मी आधी गप्प होतो आणि नंतरही गप्पच राहिलो.

शाळा झाली. मी तिथंच शिकवलं, तिथूनच निवृत्त झालो. आमच्या गावची पोरं घर न सोडता मॅट्रिक झाली, आणि पहिल्याच तुकडीत सोनाबाईची मुलगी होती. त्या शाळेच्या दगडावर सरांचं नाव आहे. तात्याचं कुठंही नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो—तात्याचा हात शेवटपर्यंत होता तसाच होता.