संशोधन कक्षाच्या नीलिमाताई

नीलिमाताई रामटेके यांना विद्यापीठानं संशोधन कक्ष दिला, तेव्हा तो कक्ष म्हणजे खेळाच्या सामानाची जुनी खोली होती. फाटकी जाळी, मोडके कॅरम बोर्ड त्यांनी स्वतः ओढून बाहेर काढले आणि तिथं एक लांब टेबल, काही खुर्च्या आणि चहाची किटली आणून ठेवली. मी त्याच विद्यापीठात इतिहास शिकवते. छत्तीसगडमधल्या रायपूर शहरातून नव्यानं वसवलेल्या नवा रायपूरला जाणाऱ्या स्टाफ-बसमध्ये आम्ही रोज शेजारी बसायचो. त्यामुळे पुढचं काही मी डोळ्यांनी पाहिलं आणि बाकीचं त्यांच्याच तोंडून ऐकलं.

त्यांचे वडील धर्मपाल रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होते. घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं. नीलिमाताई प्राणिशास्त्र शिकवायच्या. पीएच.डी. त्यांनी चाळिशीला टेकताना केली, तीही तळ्यातल्या गोगलगायींवर, दिवसभर वर्ग घेऊन उरलेल्या वेळात. त्या काळी विभागातला चांगला सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद असायचा, कारण वापरला तर बिघडेल. पण त्यांना त्या कुलपाचं तितकं दुःख नव्हतं.

"इतक्या वर्षांत एकानंही विचारलं नाही गं," त्या म्हणायच्या, "की बाई, तू काय करून राहिली? काय सापडलं तुले?"

म्हणून कक्ष हाती आल्यावर त्यांनी पहिलं काम हेच केलं. कुलसचिवांच्या मागे लागून गुरुवारचे शेवटचे दोन तास मोकळे करून घेतले. त्या वेळात ज्याला यायचं त्यानं यावं, चहा घ्यावा आणि आपलं काम कुठं अडलंय ते सांगावं. काय छापलं ते नाही, काय अडलं ते. पहिल्या गुरुवारी आम्ही तिघी-चौघीच होतो. आठवडी बाजारातल्या भाजीवाल्यांचा अभ्यास करणारी वाणिज्य विभागाची शेवंता होती. तिला कोणी बोलायलाच तयार नव्हतं. नीलिमाताई तिच्यासोबत दोन बाजार फिरल्या, भाजी घेत, गप्पा मारत, आणि शेवंताची गाडी चालू लागली. कुणाला उपकरण हवं असलं तर त्या दुसऱ्या कॉलेजात फोन करायच्या. कुणाला वेळ हवा असला तर त्याचा वर्ग स्वतः घ्यायच्या. दुसऱ्या वर्षी गुरुवारी खुर्च्या पुरेनात.

स्वानंद पाध्ये त्याच वर्षी आला. प्राणिशास्त्राचाच, कंत्राटावर नेमलेला, तिशी नुकतीच ओलांडलेला. रायपूरच्या तात्यापारा वस्तीतलं जुनं मराठी घर. आई मराठीत बोलायची, हा हिंदीत उत्तर द्यायचा. गुरुवारी मागं भिंतीला टेकून बसायचा आणि चहा संपला की निघून जायचा. एकदा नीलिमाताईंनी त्याला दारातच अडवलं.

"स्वानंद, तुले खरंच काय जाणून घ्यायचं आहे?"

"मॅडम, परमानेंट होने के लिए कोई भी टॉपिक..."

"ते नाही विचारलं मी."

तो गोंधळला. मग थांबून थांबून म्हणाला, "मेरी नानी के गाँव में मिट्टी की कोठी थी, धान रखने की. नानी की कोठी में कभी कीड़ा नहीं लगा. बगल वाले घर में लगता था. मिट्टी वही, धान वही. क्यों, ये मुझे आज तक समझ नहीं आया."

"हव," नीलिमाताई म्हणाल्या, "मग हेच कर."

शहराबाहेर उरला भागातल्या कारखान्यांच्या पुढं एका गावात अजून काही घरांत माणसाच्या उंचीच्या अशा मातीच्या कोठ्या होत्या. दर शनिवारी दोघं नीलिमाताईंच्या स्कूटरवर ट्रकांच्या धुळीतून तिकडं जायचे. कमला नावाच्या बाईनं आपली कोठी त्यांच्यासाठी उघडली. इतर घरंही मग तयार झाली. प्रत्येक कोठीतून धान काढायचं, चाळायचं, किडे मोजायचे, ओल मोजायची, कोठी कधी आणि कशानं लिंपली ते विचारायचं. आणि हे सगळं एका कापणीपासून दुसऱ्या कापणीपर्यंत, असे सलग तीन हंगाम. एके शनिवारी मीही गेले होते. अंगणात उकिडवा बसून स्वानंद सुपानं पाखडायला शिकत होता, अर्धं धान बाहेर सांडत होतं आणि कमलाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. तोही हसत होता. भिंतीला टेकून बसणारा पोरगा तो हाच, यावर विश्वास बसेना.

"पोट्ट्याले प्रश्न सापडला," परतताना नीलिमाताई म्हणाल्या. आपल्याच घरी काही शुभ झाल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

मग नवे कुलगुरू आले. माणूस सभ्य होता, कामसू होता. विद्यापीठाचं नाव देशाच्या क्रमवारीत वर न्यायचं, हे त्यांनी पहिल्याच सभेत सांगितलं आणि त्यासाठी शोधनिबंध हवेत हेही. प्रत्येक विभागाचे निबंध किती, याचा तक्ता दर चार महिन्यांनी मुख्य इमारतीत लागू लागला. कंत्राटी शिक्षकांचं पुढचं वर्ष त्या आकड्यावर ठरणार होतं.

गुरुवारची खोली बदलली. कुठं अडलंय हे आता कोणी सांगेना. सगळ्यात लवकर कुठं छापून येतं, एवढंच लोक विचारायचे. नीलिमाताई कुलगुरूंना भेटल्या. "सर, धान वर्षातून एकदा निघतं. त्याचा अभ्यास चार महिन्यांत कसा होईल?"

कुलगुरूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "रामटेके मॅडम, आपका काम बहुत अच्छा है. पर मुझे भी ऊपर नंबर दिखाने पड़ते हैं."

त्या वर्षाच्या अखेरीला स्वानंदच्या नावावर एकदम कितीतरी निबंध आले. वार्षिक समारंभात त्याला शाल मिळाली, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फोटो आला. नीलिमाताईंनी टाळ्या वाजवल्या. मग कौतुकानं त्यातला एक निबंध वाचायला घेतला. तो मधुमेह झालेल्या उंदरांवर होता. स्वानंदनं आयुष्यात उंदरावर काम केलेलं नव्हतं. विद्यापीठात उंदीर ठेवायची सोयही नव्हती.

त्यांनी त्याला कक्षात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. स्वानंदनं काही लपवलं नाही. कुणाचा तरी फोन आला होता, लिहिलेल्या निबंधात पैसे घेऊन नाव घालून देणारे लोक होते. बरेच जण करतात, असं त्याला सांगण्यात आलं.

"काहून केलं रे?"

"मॅडम, कोठी वाला काम पूरा होने तक मैं यहाँ रहता ही नहीं. निकाल देते. फिर कौन करता वो काम?"

नीलिमाताईंनी तो उंदरांचा निबंध उलटा करून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "आत्ताच जा. स्वतः सांग. ते निबंध मागं घे. मी येते तुह्यासोबत."

"जाऊँगा, मॅडम. थोड़ा टाइम दीजिए."

तो गेला नाही. त्या आठवण करत राहिल्या, तो मान हलवत राहिला. शनिवारी दोघं गावाला जात राहिले, पण स्कूटरवर आता बोलणं नव्हतं.

पावसाळा संपता संपता ते फुटलं. एका परदेशी नियतकालिकानं बनावट निबंधांचा एक गठ्ठाच रद्द केला. त्यात स्वानंदचेही होते. वर्तमानपत्रात बातमी आली, विद्यापीठाची चौकशी समिती बसली आणि संशोधन कक्षाच्या प्रमुख म्हणून नीलिमाताईंना साक्षीला बोलावणं आलं.

आदल्या दिवशी संध्याकाळी स्वानंद त्यांच्या घरी गेला. धर्मपालबाबा बाहेरच्या खोलीत खाटेवर बसले होते. स्वानंद त्यांच्या पाया पडला आणि नीलिमाताईंसमोर उभा राहिला.

"मॅडम, मैं कहूँगा कि मुझसे बिना पूछे किसी ने नाम डाल दिया. आप बस इतना कह दीजिए कि आपको कुछ पता नहीं था."

"बैस, स्वानंद. पाणी घे."

"मॅडम, ऋता अभी पहली में गई है."

ऋता त्याची मुलगी. नीलिमाताईंनी तिला कमलाबाईच्या अंगणात खेळताना पाहिलं होतं. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. तो पाणी न पिताच गेला.

रात्री जेवायला वाढताना त्यांनी वडिलांना विचारलं, "बाबा, काय करू?"

धर्मपालबाबांनी हात धुतले, पुसले, ताटावर बसले. "मले नाही सांगता येत, बाई," ते म्हणाले. "तू जेवून घे आधी."



समितीसमोर त्यांना सरळ विचारलं गेलं, हे निबंध बनावट आहेत याची तुम्हाला कल्पना होती का? त्या म्हणाल्या, होती. त्यानं स्वतः मला सांगितलं. मी त्याला मागं घ्यायला सांगितलं होतं, पण वर कळवलं नाही, तो दोष माझा. मग त्या म्हणाल्या, मला आणखी सांगायचं आहे. हा मुलगा दोन वर्षं धानाच्या कोठ्यांवर काम करतो आहे. ते काम खरं आहे, मी प्रत्येक शनिवारी सोबत होते. ज्या माणसाला असा प्रश्न पडतो, त्याला आपण सगळ्यांनी मिळून उंदरांपाशी नेलं.

समितीतले एक सदस्य म्हणाले, "मॅडम, वो विषय आज के एजेंडे में नहीं है."

स्वानंदला काढलं. नीलिमाताईंना समज देऊन कक्ष त्यांच्याकडून काढून घेतला आणि क्रमवारीचं काम पाहणाऱ्या विभागात मिसळला. संकेतस्थळावरून शालीचा फोटो गेला. ज्यांनी तसेच निबंध घेतले होते आणि जे पकडले गेले नव्हते, ते काही दिवस गप्प होते. मग तेही गप्पा मारू लागले. स्टाफरूममध्ये नीलिमाताई आल्या की बोलणं थांबायचं. काहींना वाटायचं त्यांनी पोराला वाचवायला हवं होतं, काहींना वाटायचं त्यांनी आधीच सांगायला हवं होतं. त्यांना स्वतःला दोन्ही वाटायचं.

तरी शनिवारी त्या एकट्या गावाला जात राहिल्या. कोठ्यांचं एक हंगामभराचं काम उरलं होतं, ते त्यांनी पुरं केलं. कोठीला कोणती माती लावली यापेक्षा ती कापणीआधी किती दिवस लिंपून सुकवली, याच्याशी किडीचा संबंध असावा, असं दिसत होतं. स्वानंदची आजी दसऱ्याआधीच कोठी लिंपायची, हे त्यानंच कधीतरी सांगितलं होतं. निबंध लिहून झाला. पहिलं नाव स्वानंद पाध्ये, दुसरं नीलिमा रामटेके.

छापायला दोन्ही लेखकांची संमती लागते. स्वानंद फोन उचलत नव्हता. त्या तात्यापाऱ्यात गेल्या, तर त्याची आई दारातच म्हणाली, "तो घरी नाहीये हो." आतून त्याचा आवाज येत होता. नीलिमाताई "बरं" म्हणून परतल्या.

बसमध्ये मीच एकदा म्हटलं, "ताई, तुमच्या एकटीच्या नावानं छापा. खाली त्याचे आभार माना. शेवटचं वर्ष तर तुम्हीच केलंत."

"प्रश्न त्याचा आहे," त्या म्हणाल्या. "मले तो आयुष्यात पडला नसता."

नंतर एका रविवारी तेलीबांधा तळ्याच्या काठावर त्यांना तो दिसला. ऋता सोबत होती, आईस्क्रीम खात. तो आता एका कोचिंग क्लासमध्ये शिकवत होता. या वेळी तो निघून गेला नाही. दोघं कठड्यापाशी उभे राहिले.

"माह्यावर राग आहे का रे?"

"नहीं, मॅडम. पहले था." तो पाण्याकडे बघत होता. "आपने सच बोला. मैं होता तो शायद नहीं बोलता."

"काम झालं आपलं. निबंध तयार आहे. तू फक्त हो म्हण."

त्यानं नकारार्थी मान हलवली. "मेरा नाम देखकर कोई पढ़ेगा भी नहीं, मॅडम. सब वही ढूँढेंगे, वो चूहे वाला. अच्छे काम पर वो दाग मत लगाइए. आप अपने नाम से कर दीजिए."

"ते मी नाही करणार."

"तो रहने दीजिए."

"कमलाबाईनं कोठी फोडली, स्वानंद. पक्कं घर बांधलं. बाकीचेही फोडून राहिले. आता हे पुन्हा कोणाले करता नाही येणार."

हे ऐकून तो वळला. क्षणभर त्याचा चेहरा त्या अंगणातल्यासारखा झाला, काहीतरी विचारायला तोंड उघडल्यासारखा. पण त्यानं विचारलं नाही. ऋताचं आईस्क्रीम हातावर ओघळत होतं. त्यानं रुमाल काढून तिचा हात पुसला, मग कोपर पुसलं, पुसायचं काही उरलं नाही तरी पुसत राहिला.

"नमस्ते करो," तो ऋताला म्हणाला. तिनं चिकट हात जोडले. नीलिमाताईंनी तिच्या गालाला हात लावला आणि बापलेक गर्दीतून रस्त्याकडे गेले.

हे त्यांनी दुसऱ्या दिवशी बसमध्ये मला सांगितलं. सांगताना आवाज हलला नाही. सांगून झाल्यावर मात्र नवा रायपूरच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर पूर्ण वेळ खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

गेल्या एप्रिलमध्ये त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात कुलगुरूंनी त्यांच्या दीर्घ सेवेचा उल्लेख केला. शेवंता रडली. निबंध अजून छापलेला नाही.