बिनतलवारीचे त्रेचाळीस जण

घरात नवी बाहुली आली की सुकुमारकाका मगदूम आधी तिच्या हातातली तलवार काढून घेत. टेबलावर पंचा अंथरत, बाहुलीचा पंजा कोमट पाण्यात बुडवत, प्लास्टिक मऊ पडलं की दोन बोटांनी तलवार अलगद ओढत आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. तलवार असो, भाला असो, बंदूक असो, सगळं डब्यात. "आमच्या जैनाच्या घरात पानीसुदीक गाळून पित्यात गं," ते बायकोला म्हणत. "तितं ह्यो तलवार उगारून हुबा ऱ्हाणार? न्हाई जमायचं." मग मोकळ्या झालेल्या हाताकडे मान वाकडी करून बघत आणि खूश होत. "आता बघ. एस.टी.ला हात केल्यावानी दिसतोय का न्हाई?"

या बाहुल्या म्हणजे जपानी कार्टूनमधली, पोरं ज्याला ॲनिमे म्हणतात त्यातली पात्रं. वीतभर उंची, त्यात निम्मं डोकंच. डोळे म्हणजे दोन काळे गोल, नाक ठिपक्याएवढं, तोंड नाहीच. जमवणारे त्यांना फिगर म्हणतात. काका 'आमची मंडळी' म्हणत. हे काका सांगलीच्या मार्केट यार्डात एका पेढीवर हळदीची पारख करायचे. साठीला टेकलेलं वय, पांढरा पायजमा, नखं कायमची पिवळी. हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा आणि एका शब्दात सांगायचं. त्या शब्दावर सौदा व्हायचा. शिराळ्याकडचे शेतकरी गाडीतून उतरले की पहिल्यांदा विचारायचे, "मगदूम आल्यात का?" हा शब्द हीच त्यांची यार्डातली इभ्रत. ती मी घालवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझ्याबद्दल कुणाचा चांगला गैरसमज नको.

मी कृष्णेच्या प्लास्टिकविरोधी मोहिमेत होते, अजूनही आहे. रहिमतपूरहून सांगलीला शिकायला आले आणि अभ्यासापेक्षा पत्रकंच जास्त लिहिली. एकदा यार्डाच्या फाटकावर पत्रकं वाटत होते. लोक घेत होते, चार पावलांवर टाकत होते, एकानं तर माझ्यासमोर त्यात भजी गुंडाळली. काका मात्र बाजूला उभे राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होते. वाचून झाल्यावर जवळ आले.

"तूच लिवलंयस व्हय?"

"हो. का?"

"ह्यात तीनदा 'जाहीर निषेध' हाय. येकदा केला की पुरं की. तीनदा केला की मानसाला वाटतं, पयल्या दोन येळंला कुणी ऐकलंच न्हाई."

मला राग आला आणि हसूही आलं. मी विचारलं, "तुम्ही प्लास्टिक वापरता का?" ते म्हणाले, "लय. रविवारी ये, दावतो."

रविवारी विश्रामबागेत रोहितच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात चार-पाच फिगरवेडे जमत. रोहितची तऱ्हा अशी की बॉक्स कधी उघडायचाच नाही. बॉक्सवर आणखी एक पारदर्शक कवच, त्यावर धूळ बसू नये म्हणून कापड. बॉक्सचा कोपरा दबला तर त्याला जेवण जात नसे. दुसरी श्रुती, साताऱ्याची दातांची डॉक्टर, महिन्यातून एकदा यायची. तिला ही मोठ्या डोक्याची जातच नापसंत. तिच्या फिगर प्रमाणबद्ध, केसाची बट न् बट वेगळी, कपड्याची चुणीसुद्धा खरी. काकांच्या मंडळींना ती "पेरूला काढलेले डोळे" म्हणायची.

त्या दिवशी रोहितनं कुरिअरमध्ये चेपलेला एक बॉक्स काकांपुढं सरकवला. काकांनी तिथंच टरकावला.

"काका, निदान हा तरी बंद ठेवायचा!" रोहित कळवळला. "बॉक्स फाडला की फिगर मेली."

"मेली कशी? आता कुठं श्वास घ्याला लागली. मी पोतं न फोडता कवा हळद बघितलीय का?"

श्रुती म्हणाली, "पण काका, तोंडच नाही हो त्याला."

"म्हणून तर आवडतोय, डॉक्टरीनबाई. तुमास्नी तोंडं बघायची सवय. मी दिसभर यार्डात तोंडंच ऐकतोय. घरी कुणीतरी गप बसनारं नको व्हय?"

सगळे हसले. मी हसले नाही. मला त्या तिघांत काडीचा फरक दिसला नाही. एक बंद ठेवतो, एक उघडतो, एकीला नाक-डोळे नीट लागतात. शेवटी प्लास्टिक ते प्लास्टिक, असं मी मनात ठरवूनही टाकलं. परतताना काका माझ्या गाडीपर्यंत आले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "तोंड न्हाई म्हंजी त्यो हसतोय का रडतोय, ते आपून ठरवायचं. सकाळी येगळा दिसतो, सांजला येगळा. डॉक्टरीनबाईंचा गडी बघ, कायम दात खाऊन हुबा. रातदिस चिडल्याला. मला न्हाई झेपत त्यो." मला ते ऐकून घ्यायला वेळ नव्हता. दुसऱ्या एका बैठकीला जायचं होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी गावभागातल्या घरी बोलावलं. काकींनी पोहे केले होते. भिंतीतल्या ज्या कपाटात एके काळी पितळेची भांडी असत, तिथं ही मंडळी ओळीनं उभी होती, सगळ्यांचे हात रिकामे. वरच्या फळीवर निळ्या केसांची एक पोरगी होती, एका डोळ्याचा रंग उडालेला. काकांनी ती उचलून माझ्या हातात दिली. "ही कुठनं आली, ठावं हाय का?"

मी म्हणाले, "काका, ही कुठून आली ते राहू द्या. ही कुठं जाणार ते सांगा. शंभर वर्षांनी ही कृष्णेच्या तळाशी असणार आहे."

काका काहीतरी बोलणार होते. मग म्हणाले, "पोहे खा. गार व्हत्यात."

मी पोहे खाल्ले आणि मनातल्या मनात पत्रक लिहायला घेतलं. आम्हाला शिकवलेलंच असं होतं: वाचणाऱ्याला आकडा द्या, माणूस द्या, शेवटी सवाल करा. मला माणूस सापडला होता. दोन दिवसांत छापून आलं. 'मार्केट यार्डातील एक प्रतिष्ठित हळद पारखी! वय साठ! आणि घरात प्लास्टिकच्या दीडशे बाहुल्या! उद्या याच बाहुल्या कृष्णामाईच्या पोटात जाणार! जबाबदार कोण?' दीडशे हा आकडा मी मोजला नव्हता. तो कानाला बरा वाटला. नाव लिहिलं नव्हतं, व्यक्तीवर नव्हे तर प्रवृत्तीवर टीका म्हणून. पण यार्डात असा माणूस एकच होता. ते मलाही माहीत होतं.

सौद्याच्या वेळीच मी पत्रकं वाटली. या वेळी कुणी भजी गुंडाळली नाहीत. एकानं मोठ्यानं वाचून दाखवलं, दहा जण जमले. पत्रक एका पोत्यावर चिकटलं. "बाहुल्याकाका, आज घरी कोन आजारी हाय? बाळाला दूध पाजलं का?" काका हळकुंड मोडत होते. त्यांनी एका शेतकऱ्याचा माल ओला असल्याचं सांगितलं. तो माणूस इतकी वर्षं त्यांच्याकडेच माल आणायचा. तो म्हणाला, "बाहुल्या खेळताय तितंच खेळा, आन्ना. आमच्या हळदीला हात लावू नगा." पुन्हा हशा. मी फाटकात उभी राहून हे ऐकलं आणि, खोटं कशाला बोलू, पत्रक लागू पडलं म्हणून मला बरं वाटलं. हसणाऱ्यांची नावं अजून मला पाठ आहेत. त्यांच्यावर एखादं जळजळीत पत्रक लिहावं असं पुष्कळदा वाटलं. पण हसायला त्यांना कागद कुणी दिला?

पेढीच्या मालकानं त्यांना सौद्यातून काढलं आणि आत गोदामात पोती लावून घ्यायच्या कामावर बसवलं.

आठवड्यानं घाटावर आमचा प्लास्टिक जमा करण्याचा दिवस होता. मांडव, टेबल, फलक, सगळं होतं. काका आणि काकी आले. काकांच्या खांद्यावर हळदीचं पोतं होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

"घे. आन् मोजून घे. दीडशे न्हाईत, त्रेचाळीस हायत. तेवढं दुरुस्त कर."

मला वाटलं, गंमत करताहेत. मी पोतं उघडलं. वरच निळ्या केसांची पोरगी होती. तलवारींचा डबाही आत होता. मी ओरडून सगळ्यांना बोलावलं, टाळ्या झाल्या. काका बाजूला सरकत होते, मी त्यांचा हात धरून त्यांना फोटोत ओढलं. काकी मांडवाबाहेर उन्हातच उभ्या राहिल्या. फोटोखाली मी लिहिलं, 'पत्रकाचा विजय'. दुपारी टेम्पो भरून माल कुपवाडला एका भुगा करणाऱ्या कारखान्यात गेला.

फोटो बघून संध्याकाळी श्रुतीचा फोन आला. तिनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"मूर्ख आहेस का गं तू? त्यातली एकही फिगर त्यांनी विकत घेतलेली नव्हती."

मग तिनंच पुढं सांगितलं.

"पुराचं पाणी ओसरल्यावर गावभागात चिखल उपसताना त्यांना ती निळ्या केसांची सापडली. कुणाची आहे म्हणून गल्लीत दारोदार विचारत फिरले ते. कुणी नेली नाही, म्हणून धुऊन ठेवली. मग घंटागाडीवाले त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायला लागले. पोरं मोठी झाली की आया टाकून देतात ना, त्या. आणि आमच्याकडच्या खराब निघालेल्या. रोहितला दबलेला बॉक्स चालत नाही, मला पुसलेला रंग चालत नाही. आमच्या आवडीनिवडीतून जे कचऱ्यात जाणार होतं, ते हा माणूस घरी नेऊन जपत होता. तू पत्रकात जे कर म्हणतेस, ते अख्ख्या सांगलीत तो एकटा करत होता. तू एकदा तरी विचारलंस त्यांना?"

विचारलं नव्हतं. ते सांगायला लागले होते, तेव्हा मी त्यांना थांबवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात गेले. तिथल्या माणसानं एक ढीग दाखवला. निळा, गुलाबी, काळा, सगळा भुगा एकमेकांत मिसळलेला. मी त्यात हात घातला. डोकं कुठलं, हात कुठला, काही कळत नव्हतं. "ताई, काय हरवलंय का?" त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं.

तिथून यार्डात गेले. काका गोदामात पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. मला बघून त्यांनी शेजारच्या पोत्यावरची धूळ झटकली. मी उभ्यानंच सगळं बोलून टाकलं. शेवटी मी विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?"

"कुनाला सांगू? वाचनाऱ्याला उत्तर देता येतं गं. हसनाऱ्याला काय देनार?"

"मी माफीचं पत्रक काढते. तुमचं नाव घालून, सगळं खरं लिहून. उद्याच वाटते."

"नगं." ते पहिल्यांदाच जरा जोरात बोलले. "ज्यांनी पयलं वाचलं न्हाई, त्येबी मग इचारत येतील. चा पी."

चहा आला.  मग त्यांनी एकच गोष्ट विचारली. "मशीनमदी लगेच गेली का? का पडून हुती तितं?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "लगेच."

"मग बरं झालं," ते म्हणाले. निघताना त्यांनी सांगितलं, "येत जा हितं. चा हायच." घरी ये म्हणाले नाहीत.

मी यार्डात दोनदा गेले. बोलायचं काय ते सुचेना. त्यांनी हवापाण्याचं विचारलं, मी पावसाचं सांगितलं. पुढं त्यांनी काम सोडलं आणि दोघं साताऱ्याला लेकीकडे राहायला गेली. श्रुती त्यांना अधूनमधून भेटायची. मीही पुढच्या महिन्यात जाऊ म्हणायचे. काम रखडवणाऱ्या अधिकाऱ्यांवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत, 'चालढकल' हा माझा आवडता शब्द आहे. सांगलीहून सातारा किती लांब? सकाळी निघालं तर जेवायला पोचतो माणूस. दोन वर्षं मी गेले नाही. मग श्रुतीचाच फोन आला, की सकाळी चहा घेता घेता काका गेले.

चौथ्या दिवशी मी साताऱ्याला पोचले. एस.टी.त बसल्यापासून काकींना काय म्हणायचं ते जुळवत होते. पाठच केलं होतं म्हणा ना. लेकीनं दार उघडलं. काकी खाली चटईवर बसल्या होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि शेजारी जागा केली.

"तुजी पत्रकं वाचायचे की," मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या. "श्रुतीला आनायला लावायचे. चष्मा लावून समदं वाचायचे. म्हनायचे, पोरगी लिवती झ्याक."

मी मान खाली घातली.

"मी म्हटलं, मग बोलवूया का तिला येकदा? तर म्हनायचे, नगं. ती आली की माफी मागनार. मग मला ते समदं पुन्यांदा आठवनार."

लेकीनं पाण्याचा तांब्या-भांडं आणून ठेवलं. मी माफी मागायलाच आले होते. भांडं उचललं, पाणी प्यायले आणि काकींच्या शेजारी नुसती बसून राहिले.